रोलिनेच्या नावाची नळी

हिल्त्ये बाउमाने लग्न केलं नाही, कुठे फिरली नाही, पण नेदरलँड्समधल्या लीउवार्डनजवळच्या त्या छोट्या जिवाणू-संग्रहातल्या नऊशे नळ्या तिला तोंडपाठ होत्या. कुठल्या नळीत कोण राहतं, हे ती लेबल न वाचता सांगायची. त्याचा तिला भारी गर्व होता, आणि तोच तिला नडला.

एकोणीस वर्षांपूर्वी प्रोफेसर टाउन्स्ट्रांची अकरा वर्षांची रोलिने घरामागच्या कालव्यात बुडाली. पुढे त्याच कालव्याच्या गाळात त्यांना एक नवा जिवाणू सापडला. गोल, पांढरट, दिसायला अगदी साधा. त्यांनी त्याला लेकीचं नाव दिलं, निबंध छापला. पण जिवाणूंच्या बाबतीत नुसतं छापून भागत नाही. दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत तो जिवंत जमा झाला, तरच नाव अधिकृत. एक नळी हिल्त्येच्या संग्रहात आली; दुसरी परदेशी पाठवायची म्हटली की प्रोफेसरांचं मन व्हायचं नाही. वर्षं गेली. कालवा बुजवून त्यावर रस्ता झाला.

हा जिवाणू गोठवला की मरायचा, म्हणून दर सहा आठवड्यांनी हिल्त्ये त्याला स्वतःच्या हाताने नव्या नळीत हलवायची.

"झालं का लेकीचं जेवण?" शेजारच्या टेबलावरची नेलके विचारायची.

"तू आधी तुझी जीभ उकळून घे," हिल्त्ये म्हणायची.

यंदा प्रोफेसरांना पोटाचा कर्करोग निघाला. "पाठव आता," ते म्हणाले. "नाव पक्कं झालेलं बघून जाईन."

नळी जर्मनीतल्या संग्रहाकडे गेली. तीन आठवड्यांनी पत्र आलं: जनुकं निबंधाशी जुळत नाहीत. तुम्ही पाठवलेला जिवाणू माणसाच्या कातडीवर सर्रास सापडतो.

बाकीच्या नळ्यांची दरवर्षी तपासणी व्हायची. या एकीची हिल्त्येने कधीच केली नव्हती. हिला मी तोंडावरून ओळखते, म्हणायची.

"सांगू नकोस गं," नेलके म्हणाली. "नाताळपर्यंतही टिकायचे नाहीत ते. नाव झालं, असं सांग आणि मोकळी हो."

बसमध्ये हिल्त्येने ते खोटं दहा वेळा घोकलं. घरी प्रोफेसर खिडकीशी बसले होते, हातातली कॉफी निवलेली. त्यांनी तिचा हात धरला.

"आलं पत्र?"

तिला खोटं बोलवेना. "आलं, सर. ती नाहीये. केव्हा मेली, मला कळलंही नाही. त्या नळीत भलतंच काही वाढत होतं."



"मग दर सोमवारी प्रयोगशाळेत येऊन मी कोणाला बघत होतो गं, हिल्त्ये?"

"माझ्या हातावरच्या जंतूंना, सर."

प्रोफेसरांनी हात सोडवून घेतला.