सरळ रेष

आमच्या प्रसूती वॉर्डच्या थोरल्या सिस्टर चिडल्या की आधी चष्मा काढतात. त्या दिवशी त्यांनी तो टेबलावर आपटलाच.

नवे डॉक्टर पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा कागद पाहून म्हणाले होते, "एकशे चाळीस. घड्याळासारखं चाललंय, उत्तम!"

"घड्याळ आहे का ते?" सिस्टर कडाडल्या. "बाळाचा मेंदू नीट काम करत असेल तर ठोके सतत थोडे कमीजास्त होतात. झोपलं असेल म्हणून मी पाऊण तास थांबले, आईला कुशीवर वळवलं. रेष आपली सरळ ती सरळच! आकडा काय वाचता, रेष वाचा!"

डॉक्टर वरमले आणि ऑपरेशनच्या तयारीला धावले. उशिरा का होईना, बाळ रडलं.

मी सिस्टरांच्या हाताखालची नर्स. म्हटलं, "सिस्टर, केवढं झापलंत त्यांना!"

"त्यांना कुठे? वीस वर्षांपूर्वी अशाच रेषेखाली मी स्वतः 'उत्तम' लिहून घरी गेले होते. कागद माझ्या भावजयीचा होता. तिचं बाळ गेलं." त्यांनी चष्मा पुसला. "अजून माझ्याशी गोड बोलते ती. एकदा तरी तोंडावर शिव्या घाल म्हणावं!"