वळणावरचा मध

आमचे साहेब पुण्याला गेले की येताना एक नवा शब्द घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी तो ‘एंटरप्राइझ ब्लॉकचेन’ होता. अकोल्यात डाळ मिलच्या शेजारी दोन खोल्यांची आमची कंपनी, तिने रातोरात जगाला विश्वास पुरवायचं ठरवलं. एकदा केलेली नोंद कुणालाच पुसता येत नाही, विकणारा आणि घेणारा दोघांकडे तीच राहते, म्हणून कुणी कुणाला फसवू शकत नाही. हे मी इतक्या लोकांना समजावलं, की झोपेतही तेच बडबडत होतो म्हणे. बायको अजून चिडवते.

पुण्याच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीला जंगलातला मध अशा नोंदीसकट हवा होता. माझी ताई धारणीच्या पुढे एका गावात शिक्षिका आहे. तिथल्या बाया मध आणतात आणि व्यापारी म्हणेल त्या भावाला देऊन टाकतात. ताईनं त्यांचा गट केला होता. माझ्या शब्दावर तिनं त्यांना सांगितलं, यंदा व्यापाऱ्याला देऊ नका, पुण्याची गाडी येणार आहे.

डबा नोंदवला की आमचं ॲप नोंद करणाऱ्याचं ठिकाण आपोआप चढवायचं. गावात नेटवर्क नाही. ते येतं घाटातल्या एका वळणावर, एसटीच्या थांब्यापाशी. मग बाया काय करणार? डोक्यावर डबे घेऊन तिथवर चढल्या आणि सगळ्या नोंदी तिथंच केल्या. झालं. आमच्या न पुसणाऱ्या नोंदीप्रमाणे यंदाचा अख्खा मध एसटीच्या थांब्यावर सापडला. पुण्यानं विचारलं, एका जागी एवढी पोळी कशी? त्यांना भेसळीचा वास आला.

मी साहेबांना म्हटलं, ठिकाण तेवढं बदलून टाकू.

“पुसता येत नाई, तेच तं इकून राह्यलो आपन,” साहेब म्हणाले.

मूळ नोंदीखाली दुरुस्ती मात्र जोडता येत होती. पुणंही म्हणालं, दुरुस्ती करा, गाडी पाठवतो. मी ताईला तसं कळवलं आणि ऑफिसात बसून एकेका डब्याखाली गावाचं नाव लिहिलं. ॲपनं इमानेइतबारे माझंही ठिकाण चढवलं. आता मध अकोल्याचा झाला. इथल्या उन्हात माणूस टिकत नाही, मधमाशी कुठली टिकते! पुण्यानं गाडीच रद्द केली.

तणतणत साहेबांच्या खोलीत गेलो, तर तिथं नव्या पाटीची चर्चा चालू होती. ‘ब्लॉकचेन’ काढून ‘एआय’ लिहायचं. मोठमोठ्या कंपन्यांनी हा नाद सोडला, आपणच काय म्हणून धरून बसायचं, असं त्यांचं म्हणणं. दोघांकडच्या म्हणवलेल्या नोंदी खरं तर आमच्याच एका सर्व्हरवर होत्या; महिनाअखेरीस तो बंद होणार, नोंदीही जाणार. मला इतका संताप आला की समोरचा चहा तसाच ठेवून मी बाहेर पडलो.

तेवढ्यात ताईचा फोन आला, गाडी कुठवर आली म्हणून. मी सगळं सांगितलं.

“एक ओळ पुसता येत नव्हती ना तुमाले? मंग आता सारंच कसं पुसून राह्यले?”

मी सर्व्हरचं काहीतरी समजावायला लागलो.

“बाया डबे घेऊन इथंच थांब्यावर उभ्या हायेत,” ती म्हणाली. “व्यापाऱ्याले तं मीच परत पाठवलं. आता याइले काय सांगू, तूच सांग.”

आवाज येत नाही असं म्हणून फोन ठेवायचीही सोय नव्हती. त्या वळणावर नेटवर्क कधीच जात नाही.