उत्तमचं तिसरं मरण

आमच्या गोडदेवचा उत्तम मांडवकर एसी दुरुस्त करतो. माणूस देवासारखा, पण स्वतःचं काही ठरवायचं म्हटलं की अंग काढून घेतो. लग्नाचा विषय निघाला की मला म्हणायचा, "काकी, नशिबात असेल तर होईल." त्यावर त्याची आई शेवंतीबाई कावायच्या, "नशीब काय जिना चढून दारात येणार आहे?"

आम्हा रत्नागिरीकरांच्या मंडळाची दर वर्षी पूजा असते आणि त्याच दुपारी नाटक. लिहिणारे आणि बसवणारे आमचे हे, शशिकांतराव. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना शोकांतिकेचं वेड. तीन वर्षं नाटक एकच. नायिकेची चिठ्ठी चुकते, नायक विष पितो, ती दोन मिनिटं उशिरा पोचते आणि त्याच्या शेजारी प्राण सोडते. पडदा पडताना विंगेतून ह्यांचा आवाज: "नियतीपुढे कोणाचं चालत नाही!"

नायक उत्तम. विष म्हणजे मी केलेलं कोकम सरबत. नायिका शेजारच्या इंद्रलोक वसाहतीतली संचिता, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी. तालीम संपली की उत्तम तिला स्कूटरवरून घरी सोडायचा, तेही इतक्या हळू की पायी जाणारे पुढे निघून जायचे. सगळ्यांना सगळं कळलं होतं.

तिसऱ्या वर्षी तालमीत संचिता त्याला ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाली, "काकी, विरारचं स्थळ आलंय. पुढच्या रविवारी काय ते कळवायचंय."

"चांगलं असेल," उत्तम म्हणाला आणि उगाच पंख्याची वायर तपासत बसला.

प्रयोगात त्याने पेला उचलला मात्र, संचिता धावत मंचावर आली. दोन मिनिटं आधी!

"थांब! पिऊ नकोस!"

"तू आत्ता कशी?" उत्तम गडबडला.

"मुद्दाम आलेय. दर वर्षी मी उशिरा पोचते आणि तू मरतोस. आज वेळेवर आलेय. बोल, काय बोलायचंय ते."

हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. उत्तमने विंगेत पाहिलं. ह्यांनी हातातली वही मिटली आणि ओरडले, "माझ्याकडे काय बघतोस? बोल की!"

उत्तमला दरदरून घाम फुटला. त्याने एका दमात सरबत संपवलं आणि धाडकन आडवा झाला.

संचिता वाकली. "उत्तम, ऊठ."

त्याने एक डोळा किलकिला केला. "मेलोय गं मी."

माईक चालू होता. लोक पोट धरधरून हसले. संचितालाही हसू आलं, मग तिचे डोळे भरले. "बरं, मर मग," असं म्हणून ती स्वतः न मरताच निघून गेली.

मे महिन्यात तिचं लग्न झालं. उत्तम चार दिवस धड जेवला नाही. "नशिबातच नव्हतं," म्हणत राहिला.

"नशिबाला नावं ठेवू नको," शेवंतीबाई म्हणाल्या. "ते बिचारं दोन मिनिटं आधी आलं होतं."

गेल्या वर्षी संचिता माहेरी आली होती. भाजी घेताना मला आणि उत्तमला भेटली. मजेत होती, अंगानेही भरली होती.

उत्तम म्हणाला, "आपल्या नशिबात..."

"नशीब नको सांगूस," संचिताने त्याला अडवलं. "तू घाबरलास."

उत्तमने हातातली मेथीची जुडी परत ठेवली. मग म्हणाला, "हो. घाबरलो."

"हे तरी बोललास," ती हसून म्हणाली आणि रिक्षात बसली. उत्तमने बाहीने डोळे पुसले आणि माझी पिशवी उचलली.

परवा आमचा एसी बंद पडला. "आमचं नशीबच फुटकं," मी म्हटलं.

"नशीब कसलं काकी? दोन वर्षं फिल्टर धुतला नाहीत," तो म्हणाला आणि स्टुलावर चढला.