बायकोच्या केसांवरचा माझा हक्क

मला स्वतःला केस नाहीत. चाळिशीच्या आतच ते गेले, आणि जाताना त्यांनी माझं मत विचारलं नाही. त्यामुळे आमच्या घरात केसांचं जे काही कौतुक उरलं होतं, ते सगळं बायकोच्या डोक्यावर जमा झालं. तिचे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा डाय लावायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. ती म्हणाली होती की पार्लरवाली लावून देते. मी म्हटलं, पार्लरवालीला काय कळतं?

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. उभं आयुष्य कालव्यांचे नकाशे काढण्यात गेलं, त्यामुळे सरळ रेघेचं वेड हाडात मुरलेलं. महिन्यातून एका रविवारी मागच्या अंगणात प्लास्टिकचं स्टूल मांडायचं, तिच्या खांद्यावर जुना टॉवेल टाकायचा, कपाळाच्या कडेने खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, हातमोजे चढवायचे आणि कंगव्याच्या टोकाने भांग पाडत ब्रशने एकेक पट्टा काळा करत जायचं. रंग कपाळावर ओघळला तर मला तो माझा अपमान वाटे. म्हणून मी तिला सारखा सांगे, हलू नको. बोलूही नको, बोललं की कानशिलं हलतात. ती हलत नसे आणि बोलतही नसे. अर्ध्या तासाने डोकं धुऊन ती आरशापुढे उभी राहिली की तिच्यापेक्षा जास्त वेळ मीच आरशात पाहत असे.

अकोल्याला तिच्या भावाकडे गेलो की तिची वहिनी हमखास म्हणायची, या बाईचं वय कुठं थांबलं काय. बायको नुसती हसायची. मी मात्र छाती फुगवून सांगायचो की हे काम आपलं आहे. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला बायकोच्या डोक्याला हात लावायला निमित्त लागतं. मला ते महिन्यातून एकदा आयतं मिळत होतं, आणि ते मला फार प्यारं होतं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

मग एका रविवारी संध्याकाळपर्यंत तिचं कपाळ सुजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात, कानामागे पाणी सुटलेले फोड आले. त्वचेच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं की काळा डाय आता जन्मात लावायचा नाही, अर्ध्या तासात केस काळे करणारी कुठलीही पूड लावायची नाही, मग तिच्या पाकिटावर पानं छापलेली असोत की फुलं. हे वाक्य ते माझ्याकडे पाहून म्हणाले की तिच्याकडे पाहून, मला आठवत नाही. डाय लावायची माझी नोकरी गेली, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात चाललं होतं.

मला वाटलं होतं, आता ती पांढरे केस ठेवेल आणि तो विषय संपेल. पण आमच्या भिंतीला भिंत लागून भाभी राहतात. उर्दू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, हुकूम चालवणं निवृत्त झालं नाही. त्यांचं माहेर अकोटचं, माझ्या बायकोचं हिवरखेडचं. दोन्ही गावं एका एसटीच्या रस्त्यावर, म्हणून अमरावतीत भेटल्यापासून दोघी एकमेकींना माहेरच्या समजतात. मी दर्यापूरचा, मी त्यात कुठे बसत नाही. अकोटजवळ भाभींच्या भावाचं शेत आहे आणि त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मेंदीचं कुंपण आहे. तिथली पानं सावलीत वाळवून, वाटून, ओढणीतून गाळून डब्यात भरून एसटीने अमरावतीला येतात. भाभी कित्येक वर्षं तीच मेंदी लावतात. त्यांनी भिंतीवरून एकदाच सांगितलं, "बाई, इतवारकू मेरे पास आ जाना."

इतवार. म्हणजे रविवारही गेला.

आदल्या दिवशी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी भिजायची. रविवारी सकाळची कामं उरकून बायको जायची, ती जेवायच्या वेळेला परत यायची. डोक्यावर हिरवा लेप, वर प्लास्टिकची टोपी, आणि चेहऱ्यावर असा काही ताजेपणा की जणू माहेराहून आली आहे. डायला अर्धा तास लागायचा. मेंदीला सगळी सकाळ. त्या सगळ्या सकाळभर या दोघी करत काय होत्या? बोलत होत्या. मी ओट्यावर पेपर धरून बसायचो आणि भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. तिचं तसलं हसणं मी घरात ऐकलेलं नव्हतं. पेपरातली एकच बातमी मी दोन-दोनदा वाचायचो आणि तरी ती कशाबद्दल आहे ते सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर विचारलं, काय चाललं होतं एवढं, तर म्हणायची, काही नाही, असंच. असंच! सबंध सकाळ!

माझा सूड फार किरकोळ होता. तिच्या केसांना पहिल्यांदा रंग चढला तेव्हा पांढऱ्यांचे तांबूस झाले आणि मधून मधून नारिंगी झाक दिसू लागली. मी म्हटलं, विटकरी दिसून राहिलं. ती म्हणाली, "नका पाहू." टकलू माणसाने यापुढे काय वाद घालायचा? दोन-तीन महिन्यांत रंग गडद झाला, छान तपकिरी उतरला, केस जाडही वाटायला लागले. हे मला दिसत होतं, पण मी कबूल करणार नव्हतो. उशीच्या अभ्र्यावर डाग पडले की ते मात्र मी तिला रोज दाखवायचो.

एका रविवारी मला राहवलं नाही. फाटकाची किल्ली सापडत नाही असं निमित्त काढून मी भाभींच्या घरी गेलो. किल्ली माझ्या खिशात होती. मागच्या ओट्यावर बायको पाटावर बसली होती आणि भाभी तिच्यामागे खुर्चीवर. भाभींच्या हातात ब्रश नव्हता, मोजे नव्हते. उघड्या तळहाताने त्या मेंदी घेत होत्या आणि बोटं केसांत घालून मुळापर्यंत चोळत होत्या. बायकोने डोळे मिटले होते, मान मागे त्यांच्या गुडघ्याला टेकली होती, आणि ती बोलत होती. हात हलवून हलवून काहीतरी सांगत होती. मला पाहून ती गप्प झाली. भाभींनी विचारलं, "चाय लेंगे, भाऊ?" पाहुण्याला विचारावं तसं.

मी चहा घेतला नाही. घरी येऊन बसलो आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. डायला उघडा हात लावता येत नाही. इतकी वर्षं मी तिच्या केसांना हात लावला तो प्लास्टिकमधून. आणि ही कोण कुठली अकोटची बाई सरळ हाताने लावते. मला भाभींचा राग आला, मेंदीचा आला, त्यांच्या भावाच्या धुऱ्याचा आला. एवढा मत्सर मला कुठल्या पुरुषाचा वाटला असता तर निदान कुणाला सांगता तरी आला असता.

या उन्हाळ्यात अकोल्याला तिच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. नेमक्या त्याच आठवड्यात भाभींना अकोटला जावं लागलं, त्यांच्या घरी काही कार्य होतं. जाताना त्या बायकोजवळ मेंदीचा डबा ठेवून गेल्या. मला वाटलं, हीच संधी. पण त्यांच्या डब्यातली मेंदी मला लावायची नव्हती, मला त्यांच्यावर मात करायची होती. मी इतवारा बाजारात गेलो. तिथल्या दुकानदाराने मला एक खोका दाखवला. वर हिरवीगार पानं छापलेली आणि खाली मोठ्या अक्षरात: काळी मेंदी, पूर्ण नैसर्गिक. मला तर लॉटरी लागली. मेंदीची मेंदी आणि काळ्याचे काळे केस! भाभींना अकोटहून परत आल्यावर तोंडात बोट घालायला लागलं असतं.

रविवारी कूलरसमोर स्टूल मांडून मी तिला हाक मारली. म्हटलं, ये, आज मी लावून देतो. तिने माझ्याकडे जरा पाहिलं आणि येऊन बसली. मी स्टीलच्या वाटीत पूड कालवली. कालवता कालवता ती खाकीची काळी होत गेली आणि मी खूश होत गेलो. ब्रश बुडवला तोच ती म्हणाली, "थांबा. हा वास मेंदीचा नोहे."

तिने वाटी हातात घेतली, हुंगली, खोका मागितला. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: अर्धा तास ठेवा, आधी कानामागे लावून पाहा. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. मला आता आठवलं. ती ओरडली नाही. उठून वाटी मोरीत ओतली, घासली, आणि स्वयंपाकघरातून कढई आणून माझ्यापुढे ठेवली. भाभींची मेंदी तिने आदल्या संध्याकाळीच भिजवून ठेवली होती. एकटीच लावून घेणार होती. माझ्या भरवशावर ती नव्हतीच.

"घ्या," ती म्हणाली. "हातानं लावा. ब्रशनं नाई लागत."

मी मोजे काढून ठेवले. मेंदी गार होती, आणि तिचं डोकं लेपाखाली गरम होतं. इतकी वर्षं ज्या डोक्यावर मी रेघा आखल्या, त्याचा आकार पहिल्यांदाच माझ्या हाताला लागत होता. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. भाभी अकोटला होत्या, रविवार माझा होता, आणि ती समोर होती. फक्त ती बोलत नव्हती. ताठ बसली होती, मान न हलवता, मी शिकवल्याप्रमाणे.

"बोल ना काई," मी म्हटलं.

"काय बोलू?"

भिंतीपलीकडे सबंध सकाळ पुरत नव्हती, आणि इथे हे. मघाच्या खोक्याची धास्तीही मनात होती, म्हणून मी विचारलं, "आग-बीग नाई ना होत कुठं?"

"मेंदीनं कायची आग होते?" ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "डायनं होये."

"थे तर शेवटच्या खेपेले."

"नाई. पयलेपासूनच होये. दोन दिवस डोक्शाले हात लावू देत नसे."

माझे हात थांबले. मी विचारलं, मग सांगितलं काहून नाही?

"तुमी हलू नको म्हनत. बोलू नको म्हनत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "अन् तुमाले लय आवडे थे. मले दिसे."

अशा वेळी माणसाला दुसरं काहीतरी सुचायला हवं होतं. मला एवढंच विचारावंसं वाटलं: "भाभीले मायीत आहे हे?"

"तिले पयल्याच दिवशी सांगतलं," ती म्हणाली.

मी उरलेली मेंदी लावली. ती सुकेपर्यंत आम्ही दोघं कूलरसमोर बसून राहिलो.

अकोल्याला लग्नाच्या हॉलमध्ये उकाड्याने जीव नकोसा झाला होता. बायकोचे केस मात्र सुरेख दिसत होते, खरंच सुरेख. तिची वहिनी जवळ आली, केस हातात घेऊन पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली की मेंदी बरी आहे, पण काळे केस ते काळे केस, भाऊजींच्या हाताला जो रंग यायचा तो कशाला येत नाही, पुन्हा सुरू करा. वर्षभर मी हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायला आसुसलो होतो. अगदी हेच, याच शब्दांत, आणि बायकोच्या समोर.

मी म्हणालो, "तिले सोसत नाई थे. पयलेपासूनच सोसत नव्हतं."

वहिनी हसायची थांबली. तिने आधी माझ्याकडे आणि मग बायकोकडे पाहिलं, आणि विचारलं, मग इतके वर्सं लावून घेतलं कायले?

मी खाली पाहिलं. आता ती सांगणार आणि चारचौघांत माझी शोभा होणार, आणि ते रास्तच होतं.

"मलेच आवडे," बायको म्हणाली, आणि जेवणाच्या रांगेकडे निघाली.

हे तिने मला वाचवायला सांगितलं की ते खरंच होतं, मला आजवर कळलेलं नाही. तिला विचारायचं धाडस झालं नाही. पण त्यानंतरच्या रविवारी ती भाभींकडे जाऊन आली आहे, म्हणजे भाभींना ते नक्की ठाऊक असणार.