आधी ढक्कन काढ

हस्तकलेच्या बाईंना अख्खी शाळा 'बाटलीबाई' म्हणे. नवऱ्याला ते नाव इतकं आवडलं, की घरी तोही तशीच हाक मारू लागला. बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असे, पण या नावावर त्या कधी चिडल्या नाहीत. चिडायला मुख्याध्यापक पुरेसे होते.

शाळेच्या कॅन्टीनबाहेर रिकाम्या बाटल्यांचा ढीग साचायचा. 'प्लास्टिक वाचवा' म्हणून घसा कोरडा करण्यापेक्षा पोरांनीच काहीतरी शोधावं, म्हणून बाईंनी आठवीचा वर्ग कामाला जुंपला. पोरांनी डोकं लढवून पायानं दाबायचं यंत्र केलं. बाटली चपटी व्हायची, पोत्यात भरपूर मावायची आणि पोतं पुनर्वापराच्या कारखान्यात जायचं. अडचण एकच होती. झाकण लावलेली बाटली दबायची नाही, फाटकन फुटायची. भिंतीवरच्या 'कृपया झाकण काढावे' या पाटीकडे कुणी ढुंकूनही पाहीना. मग पोरांनी नवी रंगवली, 'ए ढक्कन, आधी ढक्कन काढ!' आपल्याला बिनडोक म्हटलंय हे कळून लोक हसायचे आणि मुकाट झाकण काढायचे.

यंत्र तिथंच कॅन्टीनच्या दारापाशी राहावं, एवढंच बाईंना हवं होतं. पण उद्घाटनाला पाहुणे यायचे ठरलं आणि मुख्याध्यापक बिथरले.

"बाई, पाहुण्यांना ढक्कन म्हणणार?"

"सर, पाटी यंत्राचाच भाग आहे. पोरांनी विचार करून लावलीय."

"विचार करायला आम्ही आहोत ना!"

तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं.

'कृपया' परत आलं. पाहुण्यांनी ते न वाचताच झाकणासकट बाटली ठेवली आणि पाय दिला. झाकण उडालं ते थेट त्यांच्या चष्म्यावर. यंत्राची रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. पोरांची तोंडं बघवत नव्हती. बाईंचा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या दारात मुख्याध्यापकांनी बाटली संपवली. सवयीनं कुणीतरी पोर ओरडलं, "आधी ढक्कन काढ!" आणि सवयीनंच त्यांनी झाकण काढलं. मग एका हातात झाकण, दुसऱ्या हातात बाटली घेऊन ते इकडेतिकडे बघू लागले.

"यंत्र कुठंय?"

"अडगळीत, सर. तुम्हीच टाकायला लावलंत," शेजारी उभ्या बाई म्हणाल्या.

आता तरी उमजेल, म्हणून बाई त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. सरांनी झाकण पुन्हा घट्ट बसवलं आणि बाटली कचऱ्यात भिरकावली.

"ढक्कन!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

सर गर्रकन वळले. "मला म्हणालात?"

बाईंनी मोकळ्या भिंतीकडे बोट दाखवलं. "पाटी वाचली, सर. तुम्ही काढलीत ती."