रिकामी म्हणून कापलेली सावली

"डोळे बारीक करा."

वर्गात पाऊल टाकायच्या आधी दाराशीच उभ्या राहून चित्रकलेच्या बाई हे म्हणायच्या आणि तळहात पुढे करायच्या. मुली मुकाट्यानं रंगपेटीतली काळ्या रंगाची ट्यूब त्या हातावर ठेवायच्या. "सावली काळी नसती गं पोरींनो. कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्हाला काळी दिसती. नीट बघा." तास संपला की ट्यूबा जिच्या तिला परत. एकदा एकीची आई भांडायला आली, "पैशे देऊन घेतलेला रंग बाई काढून घेतात!" बाई हसून म्हणाल्या, "मी काय केस रंगवायला घेते का हो?"

मी त्याच शाळेत गणित शिकवायचे. जालना जिल्ह्यातल्या मंठ्यातली मुलींची शाळा, ऐंशीच्या दशकातली. शाळेत चित्रकलेच्या बाईचं काय करतात ते तुम्हीही पाहिलं असेलच. पाहुणे आले, बाई रांगोळी काढा. निरोप समारंभ, बाई फळा रंगवा. मुख्याध्यापकांच्या पुतणीचं लग्न, बाई रुखवताला जरा हात लावा. बाई कशालाच नाही म्हणायच्या नाहीत. राग यायचा तो मला.

"तुम्ही गप का बसता हो?" मी विचारायचे.

"तुम्ही बोलता की माझ्या वाटचं," त्या म्हणायच्या आणि पुढची रेघ ओढायच्या.

पण एका विषयावर त्याही भडकायच्या. माझा तास मोकळा असला की मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचे, तिथं ऐकलं. फ्रान्समधले ते इम्प्रेशनिस्ट चित्रकार. खोलीतला अंधार सोडून बाहेर उन्हात जाऊन चित्रं काढणारे. "त्यांच्यात बायाही होत्या," बाई सांगायच्या. "त्याच भिंतींवर, त्याच रांगेत त्यांची चित्रं लागायची. पण बाप्ये हाटेलात बसून काढायचे, रस्त्यात उभं राहून काढायचे. बाईला एकटीला कोण उभं राहू देतंय? मंग तिनं काय काढलं? पाळणा काढला. खिडकी काढली. अंगणात बसलेली बहीण काढली. आणि लोक काय म्हनले? बायांना पाळणेच आवडतात!" इथं हातातला खडू हमखास मोडायचा. "एकीचा तर नवराच चित्रकार. त्याला तिचं चित्र खुपायचं. शेवटी सोडलंच तिनं."

मुलींना यातलं किती कळायचं देव जाणे. मला सगळं कळायचं, कारण बाईंच्या घरी गेलं की भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं दिसायची. चूल, खिडकी, वाळत घातलेल्या साड्या, परत खिडकी. एकावरही नाव नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "बाहेर उभं राहून, उजेडात, मनासारखं एक चित्र होऊ द्या. त्याच्यावर घालीन नाव."

त्या हिवाळ्यात एका रविवारी त्या म्हणाल्या, "चला माझ्यासंगं. एकटीला लोक उभं राहू द्यायचे न्हाईत." कापूस खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची ही लांब रांग लागलेली. सकाळचं तिरपं ऊन, पांढऱ्या कापसाच्या गाड्या आणि खाली रस्ताभर त्यांच्या सावल्या. बाईंनी मांजरपाट ताणून घरीच तयार केलेला कॅनव्हास स्टुलावर ठेवला, आणि पाच मिनिटांत आमच्याभोवती हे माणसांचं कडं.

"मोजणीवाल्या हायेत का? रस्ता रुंद होनार हाय?"

"माझी टपरी धरू नका बाई मोजणीत!"

मी ओरडले, "मोजणी न्हाई, चित्र काढून राह्यल्या त्या! सरका, ऊन अडवू नका!" तरी एक टपरीवाला पाटी आत घेऊन बसला तो बसलाच.

समोरच्या गाडीवरचे म्हातारबाबा मात्र खाली उतरून आले. बराच वेळ बघून म्हणाले, "बाई, सावली निळी काढली तुम्ही."

"मंग कशी हाय, बाबा?"

बाबांनी मागं वळून रस्त्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "हाय की हो निळी," ते म्हणाले. "रोज तुडवून राह्यलोय, कधी दिसली न्हाई." रांग पुढं सरकली तेव्हा त्यांनी मागच्या दोन गाड्या पुढं जाऊ दिल्या आणि आपली गाडी जागेवरच ठेवली. बाईंचे डोळे भरून आले होते, पण हात थांबला नाही.

असे पुढचे कितीतरी रविवार गेले. चित्राचा खालचा सगळा भाग नुसती सावली. निळी, जांभळी, मधेच कापसाचा उजेड पडलेली. आणि त्या सावलीच्या कोपऱ्यात बाईंनी आपलं नाव घातलं. पहिल्यांदा.

नाव घातलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. "बाई, शाळेतल्या शिक्षिकेनं भररस्त्यात उभं राहणं शोभत नाही." मी पाठोपाठ आत शिरले होते. म्हटलं, "आणि मास्तरांनी पानटपरीवर उभं राहून पिचकाऱ्या मारणं शोभतं का, सर?" बाईंनी माझा पदर ओढला. त्यानंतर बाई चित्र काढायला रस्त्यात उभ्या राहिल्या नाहीत.

आता या माणसाची कमाल ऐका. दोनच महिन्यांनी शाळेत मोठे पाहुणे येणार म्हणून भिंती सजवायच्या निघाल्या, तर हेच गृहस्थ म्हणतात, "बाई, ते कापसाचं चित्र द्या की ऑफिसात लावायला!" बाईंना काय आनंद झाला! कापड चौकटीवरून सोडवून, स्वतः गुंडाळून शिपायाच्या हातात दिलं. ऑफिसात एक जुनी फ्रेम पडून होती. तिच्यातल्या पुढाऱ्यांनी पक्ष बदलला म्हणून त्यांचा फोटो उतरवला होता. तीच फ्रेम चित्रासोबत जालन्याला दुकानात गेली. नव्या फ्रेमचा खर्च कशाला?

चित्र आलं ते थेट भिंतीवर चढलं. बाई त्या वेळी दारात रांगोळी काढत होत्या. पाहुण्यांनी विचारलं, "सुंदर आहे, कुणी काढलं?"

मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्या शाळेनंच, साहेब."

मी बाईंना ओढतच आत आणलं. त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि रांगोळीचे हात तसेच लोंबत राहिले. गाड्यांची चाकं फ्रेमच्या लाकडावर टेकली होती. खाली सावली नव्हती. नाव नव्हतं.

शिपाई म्हणाला, "फ्रेममधी बसत न्हवतं बाई. मंग दुकानवाल्यानं खालची पट्टी काढली. रिकामीच व्हती ती."

रिकामी! इतके रविवार थंडीत बोटं आखडून जे काढलं, ते रिकामं. मेल्यांनी फ्रेमसाठी चित्र कापलं, चित्रासाठी फ्रेम नाही आणली. मी तिथंच तोंड सोडलं असतं, पण बाई एवढंच म्हणाल्या, "जालन्याची बस किती वाजता हाय?"

दुकानात काच कापायच्या टेबलावर, काचेखाली ती पट्टी अंथरलेली होती. दुकानदार बिचारा चांगला होता. "घ्या की बाई," म्हणाला, "चांगलं जाड कापड हाय म्हनून ठिवलं होतं." येताना सगळा रस्ता बाईंनी ती मांडीवर धरली होती.  मीच शिव्या देत होते, समोरच्या सीटवरचा माणूस वळून वळून बघत होता.

ती पट्टी नंतर त्यांच्या स्वयंपाकघरात, फळीच्या वर टाचलेली असायची. रांगोळ्या चालूच राहिल्या, पोरींच्या काळ्या ट्यूबा दाराशी जमा होतच राहिल्या. निवृत्त झाल्या, मग आजारी पडल्या. शेवटच्या भेटीत पट्टी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. घरात ही चिंधी म्हनून जाईल."

त्या गेल्या तेव्हा शाळेनं शोकसभा घेतली. त्याच ऑफिसात, त्याच चित्राखाली. मुख्याध्यापक नवे होते, पण बोलणं जुनंच. "बाईंच्या रांगोळीला तालुक्यात तोड नव्हती..."

माझं डोकंच फिरलं. मी उठले. पर्समध्ये पट्टी आणि खिळे आणलेलेच होते. टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि फ्रेमच्या बरोबर खाली, चाकांच्या सरळ रेषेत, पट्टी भिंतीवर ठोकायला लागले. शोकसभेत खिळे ठोकणारी बाई त्यांनी कधी पाहिली नसावी. कुणी म्हणालं, "बाई, बसा." म्हटलं, "चित्र पुरं झालं की बसते."

त्यांचं नाव मी इथं मुद्दामच लिहिलेलं नाही. ते वाचायचं तर मंठ्याला जा, डोळे बारीक करा आणि त्या निळ्या सावलीच्या कोपऱ्यात वाचा. पट्टी अजून तिथंच आहे. मी अधूनमधून बघायला जाते. कुणी काढून तर दाखवा.