सोनाजिजीची सावड

सोनाजिजी गेल्याचं मला आमच्या संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. 'आपल्या प्रकल्पाच्या ज्येष्ठ लाभार्थी सोनाबाई यांचे दुःखद निधन.' खाली जोडलेल्या हातांची रांग. लाभार्थी... मी फोन असा आपटला, की खालच्या मजल्यावरच्यांनी भूकंप समजून गॅस बंद केला. महिना झाला, राग उतरलेला नाही. या बाईला आमच्यापासून काय लाभ झाला ते मला पक्कं माहीत आहे. तिला फसवणाऱ्यांत मीच पहिला होतो.

सिन्नरच्या पुढे तिचं गाव. आवाज असा, की तिने ओट्यावरून हाक मारली तर नाशिकच्या स्टँडवर कंडक्टर बेल मारायचा. कांद्याच्या लागवडीला बाया पहाटे सहाच्या पिकअपने जातात. तान्ही पोरं बांधावर उन्हात पडायची. जिजीने गावातल्या दहा-बारा म्हाताऱ्या गोळा केल्या, तालमीची बंद खोली झाडून घेतली आणि पाळणाघर सुरू केलं. नोंदणी नाही, शिक्का नाही, पण साडेपाचला दार उघडं म्हणजे उघडं. छान चाललं होतं. मग आम्ही गेलो. नाशिकची स्वयंसेवी संस्था, जीप, फ्लेक्स आणि 'भागीदारी'.

"भागीदारी म्हंजी काय, भाऊ?" जिजीने मला विचारलं. मी अर्धा तास बोललो. परस्पर विश्वास, सामायिक उद्दिष्ट, क्षमताबांधणी... दोन म्हाताऱ्या घोरायला लागल्या. जिजी म्हणाली, "इतकं लांबवतो कशाला? सावड म्हण ना. आज मी तुझ्या वावरात राबायचं, उद्या तू माझ्या. आपापली भाकर बांधून."

शब्द मला इतका आवडला, की करारनाम्याच्या पहिल्याच ओळीत घातला. आमचे संचालक, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांनी तो खोडला. "दात्यांना कळणार नाही. आणि आपण काय शेतावर जाणार आहोत का?" मी मान डोलावली आणि नवी प्रत काढली. जिजीला वाचता येत नव्हतं, सही तेवढी शिकली होती. "सावड लिवली ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने कागद फाटेल इतकं पेन दाबून सही केली.

आणि तिने ती पाळली. नाशिकला मेळावा असला की जिजी हजर. भर लागवडीत, निम्म्या म्हाताऱ्या पोरांपाशी ठेवून, निम्म्या एसटीत कोंबून, भाकरी बांधून. फोटोत इतक्यांदा बसली, की कॅमेरा तिला नमस्कार करायचा. निघताना सरांना दर वेळी एकच विचारायची, "आमचा दिस कवा? एक पहाट या. पोरं सांभाळा, मंग बोलू." सर हसून म्हणायचे, "नक्की, जिजी." हे 'नक्की' पाच वर्षं चाललं.

सर गेले नाहीत, परिपत्रक गेलं. पाळणाघराची वेळ दहा ते पाच. कारण आमच्या पर्यवेक्षिका नाश्ता करून नाशिकहून निघणार. जिजी तडक ऑफिसात आली. "कांदा काय तुमच्या मिटिंगीला थांबतो व्हय? सहाला पिकअप जाती. चार तास पोर कुठं ठिवायचं, तुमच्या टेबलावर?"

सर शांतपणे म्हणाले, "जिजी, करारानुसार वेळ संस्था ठरवते."

"करारात सावड हाय. भाऊनं लिवलीय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पंख्याकडे. पंख्याकडे इतकं टक लावून आजवर वायरमननेही पाहिलं नसेल.

"लिवली नाय का रं?" जिजी हळू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा हळू. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पाणी न पिता ती जिना उतरली. पुढे प्रकल्प संपला. आमची माणसं संस्थेचं स्टिकर बघून बघून, आम्ही दिलेल्या सतरंज्या आणि खेळणी परत उचलून घेऊन आली. दुसऱ्या दिवशीही साडेपाचला तिचं दार उघडंच होतं, आणि पुढे ती असेपर्यंत रोज.

शोकसभा नाशिकला झाली, एसी हॉलमध्ये. फ्लेक्सवर संस्थेचं बोधचिन्ह जिजीच्या चेहऱ्यापेक्षा मोठं. सर म्हणाले, ही आमची आदर्श भागीदारी. मी उभा राहिलो. "सर, पाच वर्षांत तुम्ही एक पहाट गेला नाहीत. सावड तुम्ही खोडली, आणि तिच्याशी खोटं मी बोललो." कुणीतरी माइक बंद केला. माझा आवाज काही माइकवर अवलंबून नाही. वॉचमनही ऐकून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाकरी बांधून मी तालमीच्या खोलीवर पोचलो. दारात जिजीची जाऊ, कमळामावशी. "उशीर केलात," म्हणाल्या. घड्याळात पाच पंचवीस झाले होते. आत तुळईला जिजीच्या हिरव्या लुगड्याची झोळी, झोळीत एक तान्हं किंचाळत होतं. जिजी म्हणे झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, म्हणजे दोन्ही हात बाकीच्या पोरांना भरवायला मोकळे. कमळामावशींनी ती माझ्या अंगठ्याला बांधली. लुगड्याला अजून मिसरीचा वास होता. बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला, बाया पळाल्या. हळूहळू पोर निवलं.

"मावशी," मी म्हणालो, "त्या कागदाचं मला सांगायचंय..."

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "पोर उठंल. पाय हालवा."